दोन औंस

खडकी बाजारात, सायकलच्या दुकानाला लागून
माझी साडेतीन फुटांची फळी.
सरस, चुका, मेण लावलेला दोरा,
आणि भिंतीला टेकलेल्या मोडक्या हॉकी स्टिका,
दवाखान्याबाहेर नंबर लावून बसल्यासारख्या.

फॅक्टरीचा भोंगा झाला
की समोरच्या बाकावर भांडण येऊन बसायचं.
हवालदार शेलार : आरोग्यस्वामी.
मुदलियार मास्तर : तुळशीराम परदेशी.
"अहो, आरोच्या स्टिकला चेंडू चिकटतो, बोटाला गूळ तसा.
तीन माणसं मागे टाकून तो डीमध्ये पान वाढतो,
तुमचा तुळशीराम फक्त जेवायला बसतो."
"जेवतो म्हणून जिंकतो आपण.
एकोणीस गोल, मोजून. आरोचे चार,
त्यातला एक तर गोलकीपरच्याच पॅडला लागून."
"आणि पास? पास कुठल्या वहीत लिहितात, मास्तर?"
"वहीत नाही ते झालंच नाही, हवालदार."

त्यात कुणीतरी बातमी आणली,
रेल्वे एकाला नोकरी देतेय.
कुणाला जाऊ द्यायचं?
चहा निवला. साय धरली.
"जिनगर, तू सांग."
मी दोरा दातात धरला.
दातात दोरा असला की माणसाला मत नसतं.

स्टिका मात्र माझ्याशी बोलायच्या.
आरोची टोकाशी झिजलेली, उलटसुलट फिरवून,
मूठ घामाने काळी.
तुळशीरामची जवळजवळ कोरी.
सपाट अंगाला एकच डाग, आठ आण्याएवढा,
दर वेळी तिथेच.
चपलेचा तळ बघून माणूस किती चालला ते कळतं,
कुठे पोचला ते नाही.

फायनलच्या दिवशी सरस सुकेना.
दोन्ही स्टिका दांडीला बांधून
बोपोडीवरून सायकल हाणत मी बुली-ऑफला पोचलो,
आणि घाईत याची त्याला, त्याची याला दिली.
दोन्हींना तोच हिरवा दोरा.
फरक दोन औंसांचा. आरोची हलकी.

कळलं तेव्हा शिट्टी झाली होती.
रेषेबाहेर उभा होतो. दातात काही नव्हतं.
तरी बोललो नाही.

आरोच्या स्टिकवरून चेंडू निसटला. परत निसटला.
शेजारी शेलार ओठ चावत.
मग आरोने पळणंच सोडलं,
डीच्या कडेला येऊन उभा राहिला,
बस चुकलेल्या माणसासारखा.
आणि तुळशीराम, ज्याने जन्मात कुणाला पास दिला नव्हता,
ती हलकी काठी घेऊन उजवीकडून वाकडातिकडा निघाला.
धूळ. एक माणूस. दुसरा.
मग आरोचा फटका,
आणि गोलाच्या फळीवर तो ठोका,
बंद दारावर पोलीस मारतात तसा.
एक-शून्य.

बाकाला महिनाभर पुरलं.
शेलार म्हणाले, "शेवटी गोल लागतो, मास्तर. गोल!"
मुदलियार म्हणाले, "पास कुणाचा होता? लिहा की आता वहीत."
दोघांनी जागा बदलल्या होत्या
आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

सोमवारी ते दोघे आले, एकाच सायकलवर,
आरो पुढे दांडीवर, पाय आखडून.
स्टिका फळीवर ठेवल्या.
तुळशीरामने आपली उचलली, तळहातावर तोलली,
माझ्याकडे बघितलं.
"सरस बरा बसलाय," म्हणाला.
आरोचं लक्ष समोरच्या कढईत, भज्यांवर.

रेल्वेने शेवटी आमचा फुलबॅक नेला,
ज्याचं नाव बाकावर कधी निघालंच नव्हतं.

आता खेळ निळ्या टर्फवर.
नव्या स्टिकांना ना सरस लागतो, ना दोरा.
मी शाळेच्या दप्तरांचे पट्टे शिवतो.
मास्तरांना कमी ऐकू येतं,
म्हणून शेलार ओरडून भांडतात,
रस्त्यावरची पोरं थांबून बघतात.
परवा पुन्हा,
"जिनगर, आता तरी सांग."
पट्टा मशिनवर होता, हातशिलाई नव्हतीच.
तरी डबा उघडून दोरा शोधला,
दातात धरला.